पैशाचे गाणे आणि गाण्याचा पैसा

गेल्या खेपेला आपण डाळी-कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावे ते पाहिले. या खेपेला उन्हाळी वाळवणांचे लिहीन असे कबूल केले होते. पण पापड-कुरडया आठवडाभर थांबतील. एक हकीकत मनात किती दिवस घोळते आहे. ती आता पुरी झाली, म्हणून सांगायला हरकत नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारचे मागचे आवरून जरा लवंडते आहे तोच दार वाजले. पाहते तो शेजारच्या वहिनी. हातात तीन-चार कागद आणि चेहऱ्यावर अर्धा आनंद, अर्धी काळजी.

"ताई, जरा हे वाचून द्याल का? लेकीचं गाणं निघतंय!"

वहिनींची मुलगी गोड गळ्याची. गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. नोकरी सांभाळून संध्याकाळी पेटी घेऊन बसते, स्वतःच चाली लावते. या खेपेला तिने चाल लावली होती ती चक्क आईच्या कवितेला. वहिनी कविता करतात हे बारा वर्षांच्या शेजारात मला पहिल्यांदाच कळले! हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी महिनाअखेरचे गाणे लिहून ठेवले होते. पोह्यांच्या डब्यात दडवलेली नोट, वाण्याची उधारी, मुलांच्या वह्या, पगाराच्या तारखेकडे लागलेले डोळे. मुलीने ते म्हणून दाखवले तेव्हा मला हसूही आले आणि डोळ्यांत पाणीही. आपल्या सगळ्यांच्याच स्वयंपाकघरातले गाणे ते!

मुलीने ते फोनवर टाकले, ते कुणा कंपनीने ऐकले आणि "तुमचं सिंगल रिलीज करू" म्हणून कागद धाडले. खर्चापोटी चाळीस हजार रुपये भरायचे होते. वहिनींना नुकतीच भिशी लागली होती. ते पैसे त्यांनी दाढांच्या कामासाठी राखून ठेवले होते. दोन वर्षे एका बाजूने जेवताहेत बिचाऱ्या.

"दाढा काय, अजून वर्षभर थांबतील," त्या म्हणाल्या, "पण पोरीची संधी थांबेल का?"

आता अशा प्रश्नाला पटकन काय उत्तर द्यावे? मी कागद दोन दिवस ठेवून घेतले. ते वाचलेच, आणि गाण्यांचा हा व्यवहार मुळात चालतो तरी कसा, तेही शोधून वाचले. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवते. तुमच्याही घरात एखादी गाणारी, लिहिणारी, वाजवणारी लेक-सून असेलच की.

पैसा गातो तेव्हा

आपल्याला वाटते, गाणी म्हणजे प्रेमाची नाही तर देवाची. पण पैशावरची गाणी जगभर खपली आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांतली कितीतरी बाईच्या कष्टांवर आहेत. स्वीडनच्या 'आबा' या चौघांच्या संचाने १९७६ साली 'मनी, मनी, मनी' काढले. त्यातली नायिका दिवसरात्र राबते, बिले भरते आणि तरी हातात काही उरत नाही. अमेरिकेच्या डॉना समर या गायिकेला एका उपाहारगृहाच्या प्रसाधनगृहात कामावर असलेली बाई दमून बसल्या जागी झोपलेली दिसली. त्या दर्शनातून १९८३ साली 'शी वर्क्स हार्ड फॉर द मनी' हे गाणे झाले. विशेष म्हणजे त्या कष्टकरी बाईचे छायाचित्र तिने आपल्या तबकडीच्या पाकिटावर मागच्या बाजूला छापले. मला हे फार आवडले. जिच्यावरून गाणे सुचले तिला विसरायचे नाही, ही साधी माणुसकी झाली.

इंग्लंडच्या 'पिंक फ्लॉइड'ने १९७३ साली 'मनी' नावाचे गाणे केले. त्याच्या सुरुवातीला गल्ल्याचा आणि नाण्यांचा खणखणाट आहे. तो आवाज मिळवला कसा, ठाऊक आहे? संचातल्या रॉजर वॉटर्सची पत्नी मातीची भांडी करी. तिच्या माती कालवायच्या मोठ्या भांड्यात त्याने चिल्लर टाकून आवाज टिपला. मग ध्वनिफितीचे सारख्या मापाचे सात तुकडे कापून जोडले आणि ते गोल फिरत ठेवले. म्हणून ते गाणे बरेचसे सात मात्रांत चालते. आपल्या रूपक तालाच्या सात मात्रा, तसेच म्हणा ना! पैशाच्या गाण्यालासुद्धा शेवटी घरातल्या भांड्याचाच आधार लागला.

आणि 'बीटल्स'? त्यांनी १९६३ च्या तबकडीत मला पैसाच हवा असे सांगणारे गाणे म्हटले आणि १९६४ च्या मार्चमध्ये पैशाने प्रेम मिळत नाही असे सांगणारे 'कान्ट बाय मी लव्ह' काढले. दोन्ही गाणी लोकांनी डोक्यावर घेतली. आपलेही तसेच असते नाही? पगाराच्या दिवशी एक तत्त्वज्ञान, तीस तारखेला दुसरे!

भिशीतून निघालेली कंपनी

बीटल्सनी म्हटलेले ते पहिले गाणे मूळचे त्यांचे नव्हेच. ते अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटारींच्या शहरातले, १९५९ सालचे. त्याची गोष्ट वाचताना मला वहिनींची भिशीच आठवली.

तिथे बेरी गॉर्डी नावाचा तरुण राहत असे. मोटारीच्या कारखान्यात काम केलेले, रेकॉर्डचे दुकान काढून बुडवलेले, गाणी लिहायचा नाद. एका गाण्यापोटी त्याच्या हातात चेक पडला तो ३ डॉलर १९ सेंटचा! दुसऱ्याच्या कंपनीला गाणी देऊन पोट भरत नाही, आपलीच कंपनी हवी, असे त्याने घेतले. पण भांडवल कुठले?

गॉर्डी कुटुंबात आई-बाप आणि भावंडे मिळून एक सामाईक फंड चालवीत. प्रत्येकाने नियमितपणे दहा डॉलर टाकायचे आणि मोठ्या कामाला सगळ्यांच्या संमतीने कर्ज काढायचे. बेरीने हजार डॉलर मागितले. थोरली बहीण एस्थर व्यवहाराला पक्की. तिने त्याला चांगलेच फैलावर घेतले. अखेर १९५९ च्या जानेवारीत ८०० डॉलर मंजूर झाले, तेही कागदावर सही घेऊन. सख्ख्या भावाकडून सही! आपल्याकडे असे कुणी केले तर 'परकेपणा दाखवला' म्हणून वर्षभर बोलणे बंद व्हायचे. पण त्या सहीनेच नाते राहिले आणि पैसेही. त्या ८०० डॉलरांतून उभी राहिलेली कंपनी पुढे 'मोटाउन' नावाने जगप्रसिद्ध झाली आणि १९८८ साली ६ कोटी १० लाख डॉलरना विकली गेली. फंडाची हिशेबनीस एस्थर त्या कंपनीतही मोठ्या पदावर होती. पुढे १९८५ साली त्याच जुन्या घरात तिने संग्रहालय उभे केले.

गॉर्डीने एक साधे राहते घर विकत घेऊन तिथेच ध्वनिमुद्रणाची खोली केली. तिथे १९५९ च्या उन्हाळ्यात 'मनी (दॅट्स व्हॉट आय वॉन्ट)' हे गाणे मुद्रित झाले. पियानोवर आणि माइकपुढे बॅरेट स्ट्राँग हा अठरा वर्षांचा मुलगा. शब्द जुळवायला गॉर्डीबरोबर जेनी ब्रॅडफर्ड ही त्याच्याकडे काम करणारी तरुणी. मागणे अगदी सरळ: गोड बोलणे पुरे झाले, पैसे बोला!

'सिंगल' म्हणजे काय आणि ते निघायचे कसे

आता तो 'सिंगल' शब्द. आपल्याकडे तो रुळला अलीकडे. पूर्वी आपण नुसते 'रेकॉर्ड' किंवा 'तबकडी' म्हणायचो. अठ्ठ्याहत्तरच्या त्या जड, हातातून पडली की फुटणाऱ्या काळ्या तबकड्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, एका बाजूला एक गाणे, उलटली की दुसरे. १९४९ साली अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीने सात इंची, हलकी, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी आणली. तीच पुढे 'सिंगल' म्हणून जगभर चालली. वरच्या बाजूला जे गाणे खपवायचे ते आणि मागच्या बाजूला जोडीला एखादे. कधीकधी लोकांना जोडीचेच आवडायचे, वरणापेक्षा चटणी भाव खाऊन जावी तसे!

मुद्रित केलेले गाणे आधी एका मऊ लेपाच्या तबकडीवर कोरायचे. त्यावरून धातूचे साचे बनवायचे. कारखान्यात त्या साच्यांतून, आपण चकलीच्या सोऱ्यातून काढतो तशा भराभर, तबकड्या काढायच्या. मग गावोगावच्या वितरकांकडे त्या पाठवायच्या आणि रेडिओवर गाणी लावणाऱ्यांच्या हाती एकेक प्रत पोचवायची. रेडिओवर वाजले तर दुकानात मागणी, मागणी आली तर यादीत नंबर, आणि नंबर आला की पुन्हा रेडिओवर. आपल्याकडे १९५२ पासून बुधवारी रात्री सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला ऐकायला घरोघर माणसे जमत. गाण्यांची ती चढाओढ आठवा म्हणजे हे चक्र कळेल. अमेरिकेत बिलबोर्ड साप्ताहिकाची शंभर गाण्यांची प्रसिद्ध यादी १९५८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली.

यात मेख अशी, की कारखानदाराला पैसे ताबडतोब द्यायचे आणि वितरक मात्र कित्येक महिन्यांनी देणार, वर न खपलेला माल परत करणार. म्हणजे गाणे जितके जास्त चालेल तितका खिसा आधी रिकामा! कितीतरी छोट्या कंपन्या अपयशाने नव्हे, तर यशाने बुडाल्या. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मैत्रिणींना हे सांगायला नको. चिवडा शंभर किलो खपतो, पण पोह्यांचे, तेलाचे पैसे आधी आपल्या पदरचे जातात.

गॉर्डीने 'मनी' आधी आपल्या शहरापुरते काढले. देशभर काढायची ताकद नव्हती. मग त्याच्या बहिणींची कंपनी मदतीला आली. हो, बहिणींचीसुद्धा होती, आणि तिला नाव होते ॲना या बहिणीचे! त्या कंपनीचा मोठ्या वितरकाशी संबंध होता. तिच्यामार्फत गाणे देशभर गेले आणि १९६० साली एका यादीत दुसऱ्या आणि मोठ्या शंभरांच्या यादीत तेविसाव्या क्रमांकावर पोचले.

पुढे मोटाउनमध्ये दर शुक्रवारी बैठक भरे. तयार झालेली गाणी लावायची आणि कोणते बाजारात काढायचे यावर मते घ्यायची. गॉर्डीचा ठरलेला प्रश्न असे: खिशात शेवटचा एकच डॉलर उरला आहे आणि भूकही लागली आहे, तर ही तबकडी घ्याल की सँडविच? प्रश्न साधा, पण मला वाटते संसारातल्या निम्म्या खरेद्यांना तो लागू पडावा.

त्याच सुमारास अमेरिकेत दुसरेही एक प्रकरण गाजले. रेडिओवर गाणे वाजवण्यासाठी कंपन्या निवेदकांना गुपचूप पैसे चारीत. संसदेच्या समितीपुढे चौकशी झाली आणि १९६० साली कायदा करून हे लपवून पैसे घेणे गुन्हा ठरले. का सांगते, ते पुढे कळेल.

खोडलेले नाव

आता या गाण्याची दुसरी बाजू ऐका. तबकडीची नव्हे, व्यवहाराची.

१९५९ साली 'मनी'ची नोंद अमेरिकेच्या स्वामित्वहक्काच्या कचेरीत झाली, तेव्हा लेखक म्हणून गॉर्डी आणि जेनी ब्रॅडफर्ड यांच्याबरोबर बॅरेट स्ट्राँगचेही नाव होते. तीन वर्षांनी ते काढून टाकले गेले. १९८७ साली हक्कांचे नूतनीकरण झाले तेव्हा ते पुन्हा आले. पुढच्याच वर्षी त्यावर पुन्हा काट मारली गेली. आणि हे बॅरेटला कळले कधी? कित्येक दशकांनी! कारण नोंद बदलली तर ज्याचे नाव गेले त्याला कळवण्याची तिथे पद्धतच नाही. २०१३ साली वर्तमानपत्रांत हे आले. गॉर्डीच्या बाजूचे म्हणणे असे, की बॅरेटचे नाव मुळात कारकुनी चुकीने लागले होते, गाणे त्याने लिहिले नव्हते. बॅरेटचे म्हणणे, पियानोची ती सुरावट माझी. कोण खरे, कोण खोटे, हा निवाडा आपण कोण करणार? पण एवढे मात्र खरे, की ज्या गाण्यात पैसा हवा म्हणून तो मुलगा जिवाच्या आकांताने गायला, त्याच गाण्याच्या लेखकाचा पैसा त्याला मिळत राहिला नाही. २०२३ साली तो वारला. जेनी ब्रॅडफर्डचे नाव मात्र कागदावर टिकले.

बीटल्सचेही पाहा. जगभर नाव झाले, पण गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क ज्या कंपनीत होते ती १९६९ साली त्यांच्या हातून दुसऱ्याकडे गेली आणि १९८५ साली मायकल जॅक्सनने तो सगळा साठा पावणेपाच कोटी डॉलरना विकत घेतला. गाणे माझे, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर!

आपल्याकडेही हा वाद जुना. १९६० च्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून आग्रह धरला. रफीसाहेबांचे मत पडले, की ठरलेले पैसे घेतले की गायकाचा हक्क संपला. त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. आता मात्र कायदा बदलला आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क लिहून दिले, तरी गाण्याच्या उत्पन्नात बरोबरीचा वाटा मागण्याचा त्यांचा अधिकार जात नाही. गाणाऱ्यालाही व्यापारी वापरातून वाटा सांगितला आहे. पण मैत्रिणींनो, हा वाटा मागायचा तर गीतकार म्हणून आपले नाव आधी कुठेतरी असायला हवे ना?

कागदात काय होते

वहिनींनी दिलेले कागद मी चार वेळा वाचले. गाणारीचे नाव होते. चाळीस हजारांचा आकडा दोन ठिकाणी होता. गीतकार म्हणून कुणाचे नावच नव्हते. त्या जागी कंपनीचे नाव! हक्क 'कायमचे आणि जगभर' कंपनीकडे. उत्पन्नाचा वाटा 'कंपनी ठरवील तसा'. आणि 'एक लाख वेळा ऐकले जाण्याची हमी'.

आपल्या कायद्यात सोय आहे, की हक्क किती काळासाठी दिले ते कागदात लिहिले नसेल तर ते पाच वर्षेच समजायचे, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिले नसेल तर भारतापुरतेच. पण 'कायमचे, जगभर' असे लिहिलेल्या कागदावर एकदा सही केली की ही सोय काय कामाची? आणि ती हमी! खरे ऐकणारे लाखांनी कुणी विकत आणून देत नसते. आणले तर ते यंत्राने फुगवलेले आकडे. असे आकडे उघडकीस आले तर गाणेच काढून टाकतात. रेडिओवाल्यांना पैसे चारण्याची जुनीच गोष्ट, फक्त नवे लुगडे नेसून आलेली.

मी वहिनींना हे सगळे सांगितले. शेवटी म्हटले, "वहिनी, तुम्ही लिहिलेल्या गाण्यावर तुमचं नाव नाही."

त्या गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझं नाव नसलं तरी चालेल हो. पोरीचं होऊ दे."

मैत्रिणींनो, या वाक्याचा मला राग आला, खरेच सांगते. वहिनींचा नव्हे, त्या वाक्याचा. आपण सगळ्याच ते म्हणत आलो आहोत. घराच्या कागदावर माझे नाव नसले तरी चालेल, खात्यावर नसले तरी चालेल, मसाल्याच्या पाकिटावर सासूबाईंचे असले तरी चालेल. चालते हो, पण मग पुढे अडते तेव्हा कुणाच्या दारात उभे राहायचे?

मुलगी माझ्यावर रागावली. "काकू, तुम्हांला यातलं काही कळत नाही, आता सगळे असंच करतात," म्हणाली. पंधरा दिवस जिन्यात भेटली तरी तोंड फिरवून जाई. मलाही वाटले, पोरीच्या उत्साहावर आपण उगाच पाणी ओतले की काय. पण शहाणी मुलगी ती. तिने स्वतः कंपनीला तीन गोष्टी लिहून विचारल्या: आईचे नाव गीतकार म्हणून घालाल का, मुदत पाच वर्षे कराल का, आणि वाट्याचा आकडा लिहाल का? उत्तर आले, की आमचा कागद छापील आहे, त्यात बदल होत नाही. पुढे फोन उचलणेही बंद झाले. त्या दिवशी ती आपणहून माझ्याकडे आली आणि मुकाट्याने दोडक्याच्या शिरा काढू लागली. मी काही विचारले नाही.

मग गाणे निघाले कसे

चाळीस हजार लागले नाहीत. गावातल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दोन तासांचे भाडे भरून, तबल्याला ओळखीचा मुलगा घेऊन गाणे मुद्रित झाले. हल्ली साचे नकोत, कारखाना नको. गाण्याची फाइल आणि एक चौकोनी चित्र वितरकाकडे संगणकावरून द्यायचे. तो ते गाणी ऐकवणाऱ्या सगळ्या ठिकाणी पोचवतो. कुणी वर्षाची ठरावीक फी घेतो, कुणी उत्पन्नातला हिस्सा. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षरी-आकडी एक क्रमांक मिळतो, आयएसआरसी म्हणतात त्याला. गॅसच्या ग्राहक क्रमांकासारखा तो जपून ठेवायचा, कारण गाणे कुठे किती वाजले याचा हिशेब त्यावरून लागतो. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवी गाणी शुक्रवारी काढायची पद्धत पडली आहे. म्हणून तीन-चार आठवडे आधी सगळे पाठवून मुलीनेही शुक्रवारच धरला. वहिनी म्हणाल्या, "बरंच झालं, देवीचा वार!"

तुमच्याही घरात असा प्रसंग आला, तर या गोष्टी हिशेबाच्या वहीत टिपून ठेवा:

१. शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा, हे आधी साध्या कागदावर लिहून, तारीख घालून सगळ्यांनी सह्या कराव्यात. घरातल्या घरातसुद्धा. गॉर्डीच्या बहिणीची आठवण ठेवा.

२. हक्क देताना पाच गोष्टी कागदात हव्यात: कोणते गाणे, कोणते हक्क, किती वर्षे, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती वाटा. रिकाम्या जागेवर सही नाही.

३. गाणे काढण्यासाठी जो तुमच्याकडेच मोठी रक्कम मागतो, त्याला कशाकशाचा किती खर्च ते वेगवेगळे लिहून मागा. वाण्याकडून यादीप्रमाणे हिशेब घेतो, मग इथे का नको?

४. ऐकणाऱ्यांच्या आकड्यांची हमी देणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

५. जुने भावगीत किंवा सिनेमातले गाणे आपल्या आवाजात काढायचे असेल तर परवानगी लागते. कवी जाऊन साठ वर्षे होईपर्यंत त्याच्या शब्दांवर वारसांचा हक्क असतो. आपले नाव जपायचे, तसे दुसऱ्याचेही.

६. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हावे. १९६९ पासूनची ही संस्था गाणे ठिकठिकाणी वाजल्याचे पैसे गोळा करून सभासदांना देते.

७. रक्कम मोठी असेल तर वकिलाला कागद दाखवावा. त्याची फी पुढच्या पस्ताव्यापेक्षा स्वस्तच पडते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. गाण्यातून चूल पेटेल अशी आशा पहिल्याच वर्षी धरू नये. हल्ली एकदा ऐकले की रुपयाचाही लहानसा अंश पडतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. भिशी, एफडी, दागिना मोडून गाणे काढू नये. झेपेल तेवढ्यातच काढावे, पण काढावे जरूर!

वहिनींच्या दाढांचे काम संक्रांतीच्या आत झाले. तिळाची वडी त्यांनी दोन्ही बाजूंनी चावून खाल्ली, मुद्दाम मला दाखवून. गाणे निघून अडीच महिने झाले. परवा मुलगी फोन घेऊन आली. खात्यावर चौतीस रुपये जमा दिसत होते, आणि ठरावीक रक्कम साचल्याशिवाय तेही बँकेत यायचे नाहीत. मला गॉर्डीचा तो ३ डॉलर १९ सेंटचा चेक आठवला. मी म्हटले, "अगं, सुरुवात वाईट नाही!"

वहिनींनी मात्र वही काढली. ज्या वहीच्या मागच्या पानावर ते गाणे लिहिले होते, तीच. पुढच्या बाजूला जमेच्या रकान्यात आजवर एकाच माणसाची कमाई लिहिली जात होती. त्याखाली त्यांनी तारीख घालून लिहिले, 'गाण्याचे, ३४ रुपये'. आणि पुढे कंसात स्वतःचे नाव.

तुमच्याही वहीच्या मागच्या पानावर काही लिहिलेले असेल, तर त्याखाली आधी नाव आणि तारीख घाला. आजच घाला. आणि मला कळवाही.

पुढच्या अंकी नक्की वाळवणे. साबुदाण्याच्या चिकवड्या लाल का पडतात, ते पाहू.